जुन्या व वादग्रस्त शैक्षणिक कर्जाविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून आमच्या कार्यालयात येणाऱ्या शैक्षणिक कर्जाच्या प्रकरणांत बहुधा कर्ज दहा-बारा वर्षांपूर्वीचे असते, शिकलेला मुलगा पुण्याला किंवा नाशिकला नोकरीस असतो आणि नोटीस मात्र गावी, सहकर्जदार असलेल्या वडिलांच्या नावे येते. वडील घाबरून शाखेत जातात, थोडीफार रक्कम भरतात आणि पुढे केलेल्या कागदावर सही करून परत येतात. थकबाकीचा आकडा मान्य नसेल, तर खातेउतारा हाती येईपर्यंत पैसे भरू नयेत आणि सहीही करू नये, अशी आमची विनंती आहे.

याचे कारण मुदत अधिनियम, १९६३ मध्ये आहे. थकलेल्या हप्त्यांसाठी दिवाणी दावा लावण्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची असते. परंतु ती संपण्यापूर्वी कर्जदाराने देणे लेखी मान्य करून सही केली, किंवा काही रक्कम भरून त्याची सहीनिशी नोंद झाली, तर तेथून नवी तीन वर्षे मोजली जातात. मुदत संपल्यानंतरही फेडीचे लेखी वचन सहीनिशी दिल्यास भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २५ नुसार तो नवा करार ठरू शकतो. म्हणून खरिपाच्या तोंडावर पीककर्ज नवे-जुने करताना कागदांच्या गठ्ठ्यात शैक्षणिक कर्जाचे कबुलीपत्र तर नाही ना, हे प्रत्येक कागदाचे शीर्षक वाचून पाहावे आणि मगच सही किंवा अंगठा द्यावा.

मुदत संपली म्हणजे कर्ज माफ झाले, असा मात्र याचा अर्थ नाही. दाव्याचा मार्ग बंद झाला तरी देणे उरते आणि सिबिलच्या अहवालात थकबाकी दिसत राहू शकते. शिवाय पूर्वीच हुकूमनामा (वसुलीचा न्यायालयीन निकाल) झालेला असल्यास त्याच्या अंमलबजावणीसाठी १२ वर्षांची मुदत असते, आणि स्थावर मिळकत गहाण असल्यास तिच्याविरुद्धच्या दाव्यालाही तितकीच. खरे देणे बुडवण्याचा सल्ला आम्ही देत नाही. वाद घालायचा तो चुकीच्या आकड्याशी.

हा आकडा बहुधा व्याजात चुकतो. केंद्र सरकारच्या २००९ च्या व्याज अनुदान योजनेत, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या आणि देशातच मान्यताप्राप्त व्यावसायिक किंवा तांत्रिक अभ्यासक्रम शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे, शिक्षणकाळातील व त्यानंतरच्या सवलतीच्या काळातील व्याज सरकार भरते. तहसीलदारांचा दाखला दिलेला असूनही अनुदानाची जमा उताऱ्यात दिसत नसेल, किंवा याच काळातले सरळ व्याज दर तिमाहीस मुद्दलात मिसळलेले दिसत असेल, तर त्या ओळींवर खूण करून शाखेकडे लेखी हरकत द्यावी आणि शिक्क्यासह पोहोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, मात्र फार जुन्या बाबींवर तेथेही मुदतीचा आक्षेप निघू शकतो.

राष्ट्रीय लोकअदालतीची दाखलपूर्व (म्हणजे दावा लावण्याआधीची) नोटीस आली तर घाबरू नये, कारण तेथे तडजोड करणे सक्तीचे नाही. पण तेथे सही होऊन झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही. न्यायालयाचे समन्स ही गोष्ट वेगळी असून ते आल्यावर गैरहजर राहणे महागात पडते, मग कर्ज कितीही जुने असो. वसुली एजंटने सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

एकरकमी तडजोड ठरल्यास ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असलेले पत्र हाती आल्यावरच रक्कम भरावी. अशा खात्यापुढे ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ अशी नोंद होते आणि पुढे घरकर्ज मागताना ती आड येते, हेही आधीच ध्यानात घ्यावे. जमिनीवर बोजा चढवलेला असल्यास बँकेकडून बेबाकी दाखला (देणे उरले नसल्याचा दाखला) घेऊन तो तलाठ्याकडे द्यावा व इतर हक्कांतील नोंद कमी झालेला सातबारा मागून घ्यावा.

आमच्याकडे येताना मंजुरीपत्र, पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा, उत्पन्नाचा दाखला आणि आलेल्या सर्व नोटिसा पाकिटांसह आणाव्यात, कारण पाकिटावरच्या टपालाच्या तारखेचाही उपयोग होतो. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही.