सूक्ष्म सागरी कवचधरांच्या नव्या जातीचा शोध

१ मिमी. जाळीतून निसटणारे, पण ३२ ते ६३ मायक्रोमीटरच्या चाळणीवर अडकणारे कवचधर (खेकडे-कोळंबीच्या गटातले) प्राणी वाळूच्या कणांमधल्या पाण्यात, चिखलाच्या वरच्या थरात, शेवाळावर किंवा इतर प्राण्यांच्या अंगावर राहतात. त्यांत तळाशी राहणारे हारपॅक्टिकॉइड गटाचे कोपेपॉड हे बारीक कवचधर सर्वाधिक. दोन शिंपल्यांत राहणारे ऑस्ट्रॅकॉड आणि इतर कवचधरांवर परजीवी असलेले टँट्युलोकॅरिडही याच मापाचे. टँट्युलोकॅरिडा हा गट १९८३ मध्ये वेगळा ठरला. त्यातला स्टायगोटँट्युलस स्टॉकी ०.१ मिमी.हूनही लहान आहे.

नमुना मिळतो समुद्रात, पण तो नवा आहे हे कळते काचपट्टीवर, आणि तिथे किती दिसेल हे पहिल्या तासातच ठरून जाते. वाळूचा नमुना सुमारे ७ टक्के मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये दहा मिनिटे ठेवला की प्राणी बधिर होऊन कणांची पकड सोडतात. मग ढवळून वरचे पाणी झटकन चाळणीवर ओततात. हे चार-पाच वेळा करावे लागते. चिखलासाठी १.१८ घनतेचे लुडॉक्स (सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असलेला द्रव) वापरून नमुना अपकेंद्री यंत्रात फिरवतात. त्याआधी तो गोड्या पाण्याने नीट धुतला पाहिजे, कारण खारे पाणी राहिले तर लुडॉक्सची जेली होते आणि नमुना वाया जातो.

नमुन्याचे लगेच दोन भाग करावेत. ४ टक्के फॉर्मालिनमध्ये आकार टिकतो पण डीएनए खराब होतो. ९६ टक्के अल्कोहोलमध्ये डीएनए टिकतो पण शरीर ठिसूळ होते. फॉर्मालिनमध्ये आम्लता मारणारा बोरॅक्स नसेल तर त्यातल्या आम्लाने ऑस्ट्रॅकॉडचे शिंपले विरघळतात.

विच्छेदनाआधी अख्ख्या प्राण्याचे चित्र काढून घेतात. नंतर तो आकार पुन्हा मिळत नाही. लॅक्टिक आम्लाच्या थेंबात, टंगस्टनच्या सुयांनी शृंगिका, मुखांगे आणि पायांच्या जोड्या क्रमाने सोडवतात. पायांची जोडी दोन्ही पाय जोडणाऱ्या मधल्या पट्टीसकट निघाली पाहिजे. मग १००० पट वर्धनाखाली प्रत्येक खंडावरचे काटे आणि केस मोजतात. ही मोजणी सूत्ररूपात मांडतात; त्यात काटे रोमन अंकांत, केस साध्या अंकांत लिहितात. तुटलेल्या केसाची बारीक खोबण मागे राहते, तीही मोजायची. ती नजरेतून सुटली की सूत्र चुकते आणि जुनीच जाती नवी वाटू लागते. एकाच प्राण्याच्या डाव्या-उजव्या पायांतही कधी फरक असतो, म्हणून एका नमुन्यावर विसंबू नये.

दुसरी नेहमीची चूक वयाची. कोपेपॉड सहा नॉप्लियस (सुरुवातीच्या डिंभ, म्हणजे अळीसारख्या) आणि पाच कोपेपोडिड (नंतरच्या, प्रौढासारख्या दिसणाऱ्या) अवस्थांतून प्रौढ होतो. पाचव्या कोपेपोडिडमध्ये खंडविभागणी अपुरी असते. तो प्रौढ समजला, किंवा नर-मादी वेगळ्या जाती धरल्या, तर बिनबुडाची नावे वाढतात. जाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या सीओआय जनुकाचा सुमारे ६५८ डीएनए-अक्षरांचा तुकडा जुळवून नर, मादी आणि पिल्ले एकत्र आणता येतात. मात्र पोटातल्या अन्नाचाच डीएनए वाचला जात नाही ना, हे तपासावेच लागते.

नावासाठी प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती २००० पासून लागू आहे. जाती नवी असल्याचे स्पष्ट लिहून होलोटाइप, म्हणजे नाव ज्याच्याशी बांधले जाते तो एक नमुना, नेमावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात आहे ते सांगावे लागते. वर्णन फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात छापायचे असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंद लागते. एका प्राण्याचे अवयव अनेक काचपट्ट्यांवर गेले असतील तर प्रत्येकीवर तशी खूण हवी.

फॅसेटोटेक्टा या कवचधरांच्या गटात मात्र डिंभांवरूनच नावे दिली जातात. हे डिंभ एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहेत. कात टाकायला लावणारे संप्रेरक देऊन त्यांची पुढची, गोगलगाईसारखी मऊ अवस्था २००८ मध्ये दिसली. प्रौढ अजून कोणालाही सापडलेला नाही.