अफवा, वाद आणि जबाबदारी : पुण्याच्या दीडशे वर्षांची पार्श्वभूमी

खडकवासला धरणसाखळी भरत आली की दर पावसाळ्यात पुण्यातील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विसर्गाचे आकडे फिरू लागतात. त्यांतील काही आकडे पाटबंधारे खात्याने त्याच दिवशी दिलेले असतात, काही मागील वर्षीचे असतात, आणि बाबा भिडे पूल पाण्याखाली गेल्याची एखादी जुनी चित्रफीत 'आत्ताची' म्हणून सोबत येते. खोट्याला आवर घालावा, पण शंका विचारणाऱ्याचे तोंड बंद होऊ नये, हे दोन्ही एकाच वेळी कसे साधायचे, हा प्रश्न अशा वेळी हमखास निघतो. तो मोबाइलबरोबर आला असे आपण धरून चालतो. पुण्यापुरते तरी हे खरे नाही. या शहरात छापखाने आल्यापासून हा प्रश्न वारंवार उभा राहिला आहे आणि त्याची जी उत्तरे शोधली गेली, त्यांतील काही आजच्या उपायांपेक्षा अधिक विचारपूर्वक होती असे माझे मत आहे.

छापील मजकुराला लगाम घालण्याची एक जुनी व्यवस्था अगदी साधी होती. १८६७ च्या मुद्रणालय व पुस्तक नोंदणी कायद्याने छापणाऱ्याचे आणि प्रसिद्ध करणाऱ्याचे नाव व ठिकाण छापील कागदावर देणे सक्तीचे केले. छापखान्यांवर नजर ठेवणे हा सरकारचा हेतू होता, यात शंका नाही. परंतु 'हे पत्र अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून प्रसिद्ध केले' ही शेवटच्या पानाच्या तळाशी येणारी ओळ वाचकाच्याही कामाची ठरली, कारण मजकूर खोटा निघाला तर जाब कोणाला विचारायचा, हे तिच्यावरून कळत असे. लेखकाने स्वतःचे नाव झाकण्याला मात्र आपल्याकडे कधी हरकत नव्हती. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रात 'लोकहितवादी' या नावाने जी पत्रे लिहिली, त्यांत त्यांनी स्वतःच्याच समाजावर कठोर टीका केली, आणि ती उघड नावाने तितक्या मोकळेपणाने करता आली असती का, याची मला शंका आहे. वाचकाला लेखक ठाऊक नसला तरी संपादक ठाऊक होता, एवढ्यावर ती व्यवस्था चालत असे.

संपादकाची ही जबाबदारी किती जड असते, याचा पहिला मोठा धडा पुण्याला १८८२ मध्ये मिळाला. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झाले होते. कोल्हापूरच्या तरुण महाराजांना वाईट वागणूक मिळत आहे, या वार्तेने महाराष्ट्र अस्वस्थ होता. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून काही पत्रे पुण्यातील मंडळींच्या हाती आली आणि त्यांच्या आधारे दोन्ही पत्रांनी बर्व्यांवर गंभीर आरोप केले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि ती पत्रे बनावट असल्याचे न्यायालयात निष्पन्न झाले. टिळक व आगरकर यांनी माफी मागितली, तरीही दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली; त्यांपैकी डोंगरीच्या तुरुंगात काढलेल्या १०१ दिवसांची हकिगत आगरकरांनी पुढे स्वतः लिहिली. सुटकेनंतर लोकांनी त्यांचे स्वागत केले, हे आपण शाळेत शिकतो. बनावट कागदाची बाजू मात्र घाईने उरकली जाते, आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. महाराजांविषयीची काळजी पोकळ नव्हती, कारण पुढच्याच वर्षी अहमदनगर येथे, पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे अन्याय खरा असतानाही त्याच्या बाजूने पुढे आलेला कागद खोटा असू शकतो. आजही अनेक खोट्या बातम्या पसरतात त्या अशाच, एखाद्या खऱ्या दुःखाच्या आधाराने. आणि त्या पुढे पाठवणारी माणसे बहुधा वाईट नसतात, ती व्यथित असतात.

१८९७ चा प्रसंग याहून अवघड होता. त्या वर्षी पुण्यात प्लेगची साथ होती आणि मार्चपासून प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांच्या देखरेखीखाली गोऱ्या सैनिकांकडून घरझडत्या सुरू झाल्या. देवघरात बूट घालून शिरणे, सामान रस्त्यावर फेकणे, स्त्रियांची तपासणी करणे यांविषयीच्या तक्रारी रोज कानांवर येत होत्या, आणि त्यांत रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, तिथे त्याला मारतात, अशा कंड्याही मिसळल्या होत्या. सरकार तक्रारींची दाद घेत नव्हते, त्यामुळे खरे कोणते आणि पिकवलेले कोणते, हे वेगळे करण्याची जागाच शहरात उरली नव्हती. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली.

त्या वेळी गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्यातील ओळखीच्या लोकांनी त्यांना पत्रांतून झडत्यांच्या हकिगती कळवल्या होत्या. त्यांवर विश्वास ठेवून त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'ला मुलाखत दिली आणि सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला व त्यांतील एकीने आत्महत्या केली, असा आरोप तिथे जाहीरपणे मांडला. पार्लमेंटमध्ये खळबळ उडाली आणि मुंबई सरकारने आरोपाचा इन्कार केला. गोखले परतले तेव्हा पुराव्यानिशी पुढे यायला कोणी तयार नव्हते. काहींना धाक होता, काहींजवळ ऐकीव माहितीपलीकडे काही नव्हते. ऑगस्ट १८९७ मध्ये गोखल्यांनी जाहीर माफी मागितली, आरोप बिनशर्त मागे घेतला आणि पत्रे लिहिणाऱ्यांची नावे शेवटपर्यंत सांगितली नाहीत.

त्या माफीबद्दल त्यांना स्वकीयांचा रोष सहन करावा लागला. त्यांनी कच खाल्ली असे म्हणणारे तेव्हा होते आणि आजही आहेत. मला तसे वाटत नाही. ज्या ठिकाणी आरोप केला त्याच ठिकाणी, तितक्याच ठळकपणे तो मागे घेणे आणि त्याच वेळी माहिती देणाऱ्याला संकटात न लोटणे, या दोन गोष्टी एकत्र करून दाखवणारे उदाहरण त्या काळात दुर्मीळ होते. झडत्यांतील जुलमाविषयीच्या इतर तक्रारी त्या माफीने खोट्या ठरल्या नाहीत, हेही येथे नोंदवले पाहिजे. मात्र सरकारला त्या सगळ्याच एका फटक्यात नाकारण्याची सबब मिळाली, आणि कच्च्या माहितीने होणारे सर्वांत मोठे नुकसान हेच असते.

सरकारने यातून जो बोध घेतला तो वेगळा होता. सप्टेंबर १८९७ मध्ये 'केसरी'तील लेखनाबद्दल टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पाठोपाठ १८९८ मध्ये दंडसंहितेत दुरुस्त्या झाल्या : राजद्रोहाच्या १२४ अ कलमाची व्याप्ती वाढली, समाजासमाजांत वैर पसरवण्याविषयीचे १५३ अ कलम नव्याने आले आणि 'विधान, अफवा किंवा वृत्त' पसरवण्यासंबंधीचे ५०५ कलम नव्याने लिहिले गेले. अफवांविरुद्धचा आपला प्रमुख कायदा अशा रीतीने पुण्यातील त्या उन्हाळ्याच्या सावलीत घडला. त्यातील ५०५ कलमाला जोडलेला एक अपवाद फारसा कोणी वाचत नाही : आपले म्हणणे खरे आहे असे मानण्यास वाजवी कारण असेल आणि ते अपायाचा हेतू न ठेवता सांगितले असेल, तर तो गुन्हा होत नाही. परकीय सरकारच्या कायद्यातसुद्धा चुकणे आणि खोटे बोलणे यांत फरक केला गेला होता.

कायद्याबाहेर, विद्येच्या क्षेत्रात, पुण्याने आणखी एक रीत घडवली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५ पासून त्या कामाला जी शिस्त लावली, तिच्यात १२५९ हस्तलिखिते विचारात घेतली गेली. परंतु संपादकांनी अग्राह्य ठरवलेला पाठ नष्ट केला नाही, तो तळटीपांत आणि परिशिष्टांत, कोणत्या प्रतीत आढळतो याच्या खुणेसह छापला. निर्णय चुकला असे कोणाला वाटले तर तो त्याच पानावर तपासून पाहता येतो. शिवजन्मतिथीच्या वादातही हेच घडले. जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडील घटनांची तिथीवार जुनी नोंद, १९१६ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर फाल्गुन वद्य तृतीयेचा पुरावा पुढे आला, तरी दुसऱ्या तिथीचे समर्थक गप्प बसवले गेले नाहीत. सरकारने त्या तृतीयेशी जुळणारी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली ती थेट २००१ मध्ये. याला उशीर म्हणता येईल, पण त्या उशिरात दोन्ही बाजूंचे कागद छापून झाले.

जिथे माहिती वेळेवर मिळत नाही तिथे अफवा तिची जागा घेते, हे १२ जुलै १९६१ ला दिसले. त्या दिवशी पानशेत व पाठोपाठ खडकवासला धरण फुटले आणि पेठा पाण्याखाली गेल्या. शहराला पुरेशी पूर्वसूचना मिळाली नाही, हा आक्षेप तेव्हापासून आजतागायत आहे. पाणी ओसरल्यावर 'पुन्हा पाणी आले' अशी आवई उठून माणसे पर्वतीच्या दिशेने धावत सुटली, हे जुने पुणेकर अजून सांगतात. आदल्या दिवशी धीर देणारा निरोप खोटा ठरल्यावर दुसऱ्या दिवशी कोणत्या निरोपावर विश्वास ठेवायचा, हे त्यांना कोण सांगणार होते?

पुढच्या काळात वादाची परीक्षा घेण्याची सर्वांत स्वच्छ पद्धत दिसली ती २००८ मध्ये. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाचा दावा हसण्यावारी न नेता ज्योतिषांना जाहीर आवाहन केले. हुशार मुले आणि मतिमंद मुले अशा दोन गटांतील ४० जन्मपत्रिका प्रत्येक ज्योतिषाकडे धाडल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातील ते ओळखण्यास सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून जे साधले असते त्याहून अधिक काही नाही. समोरच्याला बोलू देऊन, त्याच्याच दाव्याची कसोटी आधी ठरवून घेतलेली ही चाचणी होती. अशी रीत सर्वांना मान्य नव्हती. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर हल्ला झाला आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांचा ओंकारेश्वराजवळच्या पुलावर खून झाला. ही दुःखे या शहराची आहेत आणि त्यांचा उल्लेख टाळून मोकळ्या चर्चेविषयी लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मोबाइलने जुन्या व्यवस्थेतील 'छापून प्रसिद्ध केले' ही ओळच काढून टाकली. जून २०१४ मध्ये समाजमाध्यमांवरील विटंबनेच्या चित्रांवरून तणाव उसळला आणि हडपसरमध्ये त्या चित्रांशी काहीही संबंध नसलेल्या एका तरुण संगणक अभियंत्याचा जमावाने जीव घेतला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारण्यात आले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. मजकुराला हात न लावता त्याचा वेग कमी करणारा हा उपाय मला कायद्यांपेक्षा शहाणपणाचा वाटतो, मात्र त्याने उत्तरदायी माणूस परत आणला नाही.

कायद्याची वाटचाल मात्र अडखळतच झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६ अ कलमाखाली नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक टिपणीवरून अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले आणि चर्चा, प्रतिपादन व चिथावणी या तीन पायऱ्या वेगळ्या करून केवळ तिसरीवर बंधन घालता येते असे सांगितले. २०२३ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कारभाराविषयीची माहिती खोटी की खरी, हे ठरवणारा स्वतःचाच तथ्य-तपासणी कक्ष नेमण्याची तरतूद नियमांत आणली. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे मत विभागले गेले आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसऱ्या न्यायमूर्तींच्या निर्णयाने ती तरतूद रद्दबातल ठरली. वादातील एक पक्षच पंच होऊ शकत नाही, ही बाब १८९७ च्या पुण्याला समजावून सांगावी लागली नसती.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. ५०५ कलम आता ३५३ झाले. त्यात 'खोटी माहिती' आणि 'इलेक्ट्रॉनिक माध्यम' हे शब्द नव्याने आले आणि तो जुना अपवाद कायम राहिला. त्यानंतर चोवीस दिवसांनी, २५ जुलैला, सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत मुठेचे पाणी घरांत शिरले आणि आधी कोणी काहीच कळवले नाही अशी तक्रार रहिवाशांनी केली. अधिकृत सूचनेची वाट न पाहता 'पाणी वाढतंय, गाड्या काढा' असे शेजाऱ्यांना कळवणारा माणूस आकड्यात चुकला असता, तरी तो ज्या वाक्याच्या आधाराने सुरक्षित राहिला असता, ते वाक्य १८९८ मध्ये लिहिलेले आहे.