वीज लावून हसवलेला म्हातारा

जुन्या फोटोंतली माणसं एवढी गंभीर का? कॅमेरा मंद होता म्हणून, हे ठरलेलं उत्तर. ते अर्धंच खरं आहे. 1839 साली डागेरोटाइप ही फोटो काढण्याची सुरुवातीची पद्धत आली तेव्हा एका फोटोला काही मिनिटं लागायची; डोकं हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार लावत. 1850च्या दशकात ओल्या कोलोडियनच्या (रसायनाचा ओला थर दिलेल्या) काचा आल्या आणि काम काही सेकंदांवर आलं. तरी लोक हसेनात. फोटो काढणं हा खर्चाचा आणि प्रतिष्ठेचा मामला. तिथे दात कोण काढणार? (ते धड असतील तर ना!)

चेहऱ्यावरच्या भावनांचा अभ्यास करणाऱ्याला मात्र तेवढे सेकंदही जड जायचे. भीती किंवा आश्चर्य चेहऱ्यावर टिकतं किती वेळ? पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या द्युशेन या डॉक्टरने यावर तोडगा काढला तो विजेचा. त्याला एक बोळका, हडकुळा म्हातारा मिळाला. त्याचा चेहरा जवळजवळ बधिर होता, म्हणून हे प्रयोग त्याला सोसवत. गालावर नेमक्या जागी इलेक्ट्रोड, म्हणजे विजेचं टोक, टेकवला की खालचा स्नायू आखडे आणि प्रवाह चालू असेपर्यंत तसाच राहे. तेवढ्यात फोटो उरकायचा. काही फोटोंत इलेक्ट्रोड धरलेला द्युशेनही दिसतो. 1862 साली हे सगळं पुस्तकरूपाने आलं.

त्यात हसण्याचा उलगडा फार सुरेख आहे. ओठांचे कोपरे वर ओढणारा गालाचा स्नायू आपण हवा तेव्हा हलवू शकतो. डोळ्याभोवतीचा स्नायू मात्र मनापासून आनंद झाल्याशिवाय हलत नाही, असं द्युशेनचं म्हणणं.

चार्ल्स डार्विनने ते तपासून पाहिलं. म्हाताऱ्याचे दोन फोटो, एक आपसूक हसतानाचा, दुसरा फक्त गालाला वीज लावलेला. पहिला ज्याला दाखवला त्याने ते हसू खरं म्हणून लगेच ओळखलं. दुसरा 24 जणांना दाखवला. तिघांना काहीच उमगेना आणि बाकीच्यांना हसू दिसलं, पण कुणाला ते दुष्ट थट्टेचं वाटलं, कुणाला ओढूनताणून आणलेलं. चेहरे दाखवून लोकांना भावना ओळखायला लावणारे आजचे प्रयोग याच वाटेवरचे.

खऱ्या हसण्याला मानसशास्त्रात आजही द्युशेनचंच नाव आहे. पण त्याचा नियम तेवढा पक्का निघाला नाही. पुष्कळांना डोळ्यांचं हसूही ठरवून आणता येतं, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं.

डार्विनच्या भावनांच्या हावभावांवरच्या 1872च्या पुस्तकातली चित्रंही सरळसाधी नाहीत. द्युशेनच्या घाबरलेल्या म्हाताऱ्याचं कोरीव चित्र करताना इलेक्ट्रोड चक्क गाळले. किळसेचे, खांदे उडवण्याचे हावभाव लंडनचा छायाचित्रकार ऑस्कर रेलँडर याने स्वतःच वठवले. सगळ्यात गाजला तो त्याने काढलेला रडणाऱ्या बाळाचा फोटो. त्याच्या हजारो प्रती खपल्या. मूळ फोटो लहान होता, म्हणून रेलँडरने त्यावरून मोठं चित्र काढलं आणि पुस्तकात छापला तो त्या चित्राचा फोटो.