तपकिरी वटवट्यांचा जुना घोळ

हिवाळ्यात घाणेरीच्या जाळीतून ‘चक्… चक्’ असा आवाज आला की महाराष्ट्रातले पक्षीनिरीक्षक ‘ब्लिथचा बोरू वटवट्या’ अशी नोंद करून मोकळे होतात. बहुतेक वेळा ती बरोबरच असते. पाठ तपकिरी, पोट मळकट पांढरे, भुवई पुसट, त्यात पक्षी जाळीतच खुडबुडत राहणार. ओळखायला हाताशी येते काय, तर आवाज. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे क्युरेटर एडवर्ड ब्लिथ यांनी १८४९ मध्ये या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे मारायचा, कातडी सुकवायची आणि टेबलावर मांडून चोच, पंख, शेपटी मोजायची.

आवाजाचा मार्ग तेव्हा माहीत नव्हता, असे मात्र नाही. इंग्लंडमधल्या सेलबोर्न गावचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी १७६८ मध्येच निसर्गअभ्यासक थॉमस पेनंट यांना पत्राने कळवले होते, की एकाच जातीचे समजले जाणारे पर्णवटवटे प्रत्यक्षात तीन जातींचे आहेत आणि तिघांची गाणी कायम वेगळी असतात. पण गाणे कपाटात ठेवता येत नाही, त्यामुळे पुढचे शतक कातड्यांचेच राहिले.

आपल्याकडचा मोठा घोळ त्यातूनच झाला. १८६७ च्या नोव्हेंबरात हिमाचलातल्या सतलज खोऱ्यात, रामपूरजवळ, अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी एक बोरू वटवट्या टिपला. हो, काँग्रेसच्या स्थापनेतले तेच ह्यूम. चोच नेहमीपेक्षा लांब म्हणून १८६९ मध्ये त्यांनी त्याला नवी जात ठरवले; हाच लांब चोचीचा वटवट्या. त्यांनी दिलेले नाव आधीच दुसऱ्या वटवट्याला दिलेले निघाले आणि १९०५ मध्ये नवे द्यावे लागले. पक्षी मात्र एकच, दुसरा कुठे सापडेना. मग कोणी म्हणे संकर, कोणी म्हणे दुसऱ्याच बोरू वटवट्याचा विचित्र नमुना. एका कातडीवर वाद घालायला मर्यादाच नसते.

२००२ मध्ये स्टाफन बेन्श आणि डेव्हिड पिअर्सन या संशोधकांनी त्या कातडीचा डीएनए तपासला आणि जात खरी ठरली. पंख आखूड आणि गोलसर, म्हणजे हा फार लांबचा प्रवासी नसावा, असाही त्यांचा तर्क होता. २७ मार्च २००६ रोजी पक्षी अभ्यासक फिलिप राउंड यांना थायलंडमध्ये रिंगिंग करताना (पक्षी पकडून पायात कडी घालून सोडताना) जाळ्यात एक वेगळा वाटणारा वटवट्या मिळाला. ठिकाण कुठले, तर सांडपाणी शुद्धीकरण केंद्र! पिसांच्या डीएनएने ओळख पक्की झाली. पाठोपाठ इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयात याच जातीची भारतातून गेलेली १८६९ ची कातडी निघाली. इतकी वर्षे ती ब्लिथच्या बोरू वटवट्याच्या नावाखाली पडून होती. सगळी मापे टेबलावर घेता येत असूनही ही गत, तर झुडपातल्या पक्ष्याचे काय सांगावे?

पुढचे काम कानाने केले. २००८ मध्ये अफगाणिस्तानातल्या वाखान भागात पाहणी करताना रॉबर्ट टिमिन्स यांनी एका वटवट्याचे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्यांनाही तो आधी ब्लिथचाच वाटला होता. नंतर ट्रिंगच्या कातड्या पाहिल्या, तेव्हा शंका आली. दुसऱ्या वर्षी पथक जाळी घेऊन परत गेले, तेच गाणे वाजवले आणि जवळपास वीस पक्षी पकडले. वीण होते ती जागा अखेर सापडली.

अडचण अशी, की आपल्याकडे हिवाळ्यात ही मंडळी फारशी गात नाहीत. ब्लिथचा परतीच्या आधी दबक्या आवाजात गुणगुणतो खरा, पण एरवी ते ‘चक्’ आणि चोच यांवरच भागवावे लागते. शंका आली तर फोटो बरोबर बाजूने घ्यावा. लांब चोचीच्या वटवट्याची खालची चोच टोकापर्यंत फिकट असते, ब्लिथच्या टोकाशी बहुधा काळपट छटा दिसते. समोरून घेतलेल्या फोटोत यातले काहीच कळत नाही.