अर्थविज्ञान : प्रारंभिक अभ्यास

भाषेतील शब्द, पदबंध आणि वाक्ये यांना अर्थ कसा लाभतो आणि ऐकणाऱ्याला तो कसा उमगतो, याचा पद्धतशीर विचार करणारी भाषाविज्ञानाची शाखा म्हणजे अर्थविज्ञान. ध्वनी, रूप आणि वाक्यरचना यांचा परिचय झाल्यावर विद्यार्थी सहसा या शाखेकडे वळतो आणि प्रथमदर्शनी ती त्याला सोपी वाटते; कारण आपल्या भाषेतील वाक्यांचा अर्थ त्याला कळतच असतो. अडचण नेमकी इथेच आहे. वाक्य ऐकून जे काही कळते, त्यातले किती वाक्याने सांगितले आणि किती ऐकणाऱ्याने प्रसंगावरून ताडले, हे वेगळे करता येणे ही या अभ्यासातील पहिली आणि बराच काळ पुरणारी कसोटी होय.

शब्दाचा अर्थ म्हणजे कोशात दिलेली व्याख्या, अशी नवख्याची समजूत असते. कोश मात्र एका शब्दाचा अर्थ दुसऱ्या शब्दांनी सांगतो, त्या शब्दांचा तिसऱ्या शब्दांनी, आणि शेवटी वाचक फिरून पहिल्या शब्दापाशी येतो. अर्थ म्हणजे शब्दाने दाखवलेली वस्तू, हे उत्तरही अपुरे पडते. जर्मन तर्कज्ञ गोटलोब फ्रेग यांनी 1892 मध्ये दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे : पहाटेचा तारा आणि सायंकाळचा तारा ही दोन्ही वर्णने शुक्र या एकाच ग्रहाची आहेत, तरीही ‘पहाटेचा तारा म्हणजेच सायंकाळचा तारा’ हे विधान माहिती देते, तर ‘पहाटेचा तारा म्हणजे पहाटेचा तारा’ हे काहीच सांगत नाही. तेव्हा निर्दिष्ट वस्तू आणि ती निर्दिष्ट करण्याची रीत, या दोन गोष्टी निराळ्या मानाव्या लागतात. स्विस भाषावैज्ञानिक फेर्दिनां द सोस्यूर यांच्या 1916 मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी आणखी एक बाजू पुढे आणली : शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांशी असलेल्या भेदातून ठरते. मराठीतील ‘आपण’ची व्याप्ती ‘आम्ही’ या शब्दामुळे आखली जाते; ज्या भाषेत या दोन्हींसाठी एकच सर्वनाम आहे, तिथे ऐकणारा त्यात धरला आहे की नाही हे प्रसंगावरूनच ठरवावे लागते.

समानार्थकता, विरोध, अनेकार्थता आणि सामान्य-विशेष संबंध ही प्रकरणे पाठ्यपुस्तकांत बरीच जागा घेतात, पण ती समजण्यास फारशी अवघड नाहीत. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. ‘मृग’ या शब्दाचा जुना अर्थ कोणताही वन्य पशू असा होता, म्हणून आज तो हरणासाठी वापरणे चूक ठरत नाही. व्युत्पत्ती शब्दाचा इतिहास सांगते, आजचा अर्थ ठरवत नाही.

खरी गुंतागुंत वाक्यापासून सुरू होते. पूर्वी कधीही न ऐकलेले वाक्य आपल्याला समजते, याचा अर्थ ते घटकांच्या अर्थांवरून आणि त्यांच्या जुळणीवरून उभे राहते. ‘त्याने साप मारला’ म्हटले की साप मेला असे समजले जाते; ‘त्याने सापाला मारले’ यात तो मार खाऊन निसटलेलाही असू शकतो. क्रियापद तेच, प्राणी तोच. फरक घडवतो तो प्रत्यय. ‘सगळे विद्यार्थी आले नाहीत’ या वाक्यात तर एकही शब्द न बदलता दोन अर्थ निघतात : एकही आला नाही, किंवा काही आले आणि काही राहिले. नकाराच्या कक्षेत, म्हणजे नकार वाक्याच्या जेवढ्या भागाला लागू होतो तेवढ्यात, ‘सगळे’ येतो की त्याच्या बाहेर राहतो, यावर हे अवलंबून आहे. अशा कक्षांचे काटेकोर वर्णन करण्यासाठी तर्कशास्त्राची भाषा वापरली जाते. वाक्याचा अर्थ जाणणे म्हणजे ते कोणत्या परिस्थितीत सत्य ठरेल हे जाणणे, ही तिच्यामागची भूमिका. आल्फ्रेड तार्स्की यांनी 1930 च्या दशकात कृत्रिम भाषांसाठी मांडलेली सत्याची व्याख्या आणि रिचर्ड माँटेग्यू यांनी पुढे नैसर्गिक भाषेला लावलेली तार्किक पद्धत, यांवर ती आधारलेली आहे. प्रश्न, आज्ञा आणि ‘मी वचन देतो’ यांसारखी कृतिरूप वाक्ये, म्हणजे जी उच्चारणे हीच कृती असते अशी वाक्ये, या चौकटीत सहज बसत नाहीत, तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी नेमके तेच दाखवून दिले.

पदांच्या, म्हणजे वाक्यातील शब्दांच्या, अर्थांवरून वाक्यार्थ कसा घडतो, हा प्रश्न भारतीय परंपरेत फार आधी आणि मोठ्या बारकाईने हाताळला गेला. मीमांसक कुमारिल भट्टांच्या अनुयायांचा अभिहितान्वयवाद सांगतो की पदे आपापले अर्थ आधी सांगतात आणि मग त्या अर्थांचा अन्वय होऊन वाक्यार्थ मिळतो. दुसरे मीमांसक प्रभाकर यांचा अन्विताभिधानवाद सांगतो की पद मुळातच इतरांशी जोडलेला अर्थ सांगते, सुटा नव्हे. वैयाकरण भर्तृहरींनी वाक्यपदीय या ग्रंथात याहून टोकाची भूमिका घेऊन वाक्य अखंड मानले आणि पदांना विश्लेषणाच्या सोयीचे विभाग ठरवले. वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा (एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा), योग्यता (पदांच्या अर्थांचा परस्परांशी मेळ) आणि संनिधी (पदे लागोपाठ येणे) लागतात, हे सूत्रही याच चर्चेतले : ‘तो अग्नीने झाड शिंपतो’ यात रचना निर्दोष आहे, पण योग्यता नाही.

आता वाक्याने सांगितलेले आणि ऐकणाऱ्याने ताडलेले वेगळे करण्याच्या सुरुवातीच्या कसोटीकडे वळता येते, कारण तिच्यासाठी नेमक्या चाचण्या आहेत. ‘काही विद्यार्थी उत्तीर्ण झाले’ हे ऐकून सगळे झाले नाहीत असे आपण समजतो; परंतु ‘काही उत्तीर्ण झाले, किंबहुना सगळेच झाले’ असे विसंगतीशिवाय म्हणता येते. जे असे मागे घेता येते ते वाक्याच्या अर्थाचा भाग नसून बोलणाऱ्याने सुचवलेले असते. याउलट ‘त्याने साप मारला, पण साप मेला नाही’ हे खटकते. तिथे मरणे शब्दार्थातच आहे. तिसरा प्रकार पूर्वगृहीताचा. ‘तिने सिगारेट सोडली’, ‘तिने सिगारेट सोडली नाही’ आणि ‘तिने सिगारेट सोडली का?’ या तिन्हींत ती पूर्वी ओढत होती हे धरलेलेच आहे. नकार आणि प्रश्न यांतूनही टिकून राहते ते पूर्वगृहीत. मराठीतील ‘ही’ हा निपात याचा उत्तम नमुना आहे : ‘रमाही आली’ आणि ‘रमा आली’ ही दोन्ही वाक्ये रमाच्या येण्याबद्दल एकच सांगतात, मात्र पहिल्यात आणखी कोणीतरी आले हे गृहीत आहे. ‘रमाच आली’ म्हटल्यावर इतर कोणी आले नाही, हा भाग विधानातच शिरतो.

सुचवलेल्या अर्थाचा आधुनिक सिद्धांत तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी 1967 च्या व्याख्यानांत मांडला : संभाषणात दोन्ही बाजू सहकार्य करत आहेत असे धरून ऐकणारा न बोललेले तर्काने काढतो. काव्यात शब्दार्थापलीकडचा अर्थ ध्वनित होतो असे सांगणाऱ्या, काव्यशास्त्रज्ञ आनंदवर्धनांच्या ध्वनिसिद्धांताशी त्याची सांगड वारंवार घातली जाते, पण ती जपूनच स्वीकारावी. ‘गङ्गायां घोषः’ (गंगेवर गवळ्यांची वस्ती) या परंपरेतील उदाहरणात वस्ती प्रवाहावर असणे अशक्य म्हणून लक्षणेने, म्हणजे मुख्यार्थ बाधित झाल्यावर त्याच्याशी संबंधित अर्थ घेऊन, ती काठावर आहे असे समजते, आणि तिथला गारवा व पावित्र्य व्यंजनेने, म्हणजे शब्दाच्या सूचक शक्तीने, जाणवते. ग्राइस यांचा सूचितार्थ पायरीपायरीने सिद्ध करून दाखवता यावा लागतो. व्यंजना मात्र अनुमानात मोडत नाही, असेच ध्वनिवाद्यांनी आग्रहाने म्हटले आहे.

अभ्यासाची सामग्री म्हणजे भाषकाचा कौल, आणि तो मिळवण्याची रीत शिकावी लागते. ‘या वाक्याचा अर्थ काय?’ असे विचारले तर भाषक स्पष्टीकरण रचतो, आणि त्यात शब्दार्थ, सूचितार्थ व पूर्वगृहीत यांची सरमिसळ होते. म्हणून आधी परिस्थिती वर्णून मग त्या परिस्थितीत हे वाक्य चालेल का, खरे ठरेल का, असे विचारतात. दहा विद्यार्थ्यांपैकी सहा आले असताना ‘सगळे विद्यार्थी आले नाहीत’ हे खरे की खोटे, या प्रश्नाला ‘खरे’ असे उत्तर आले, की वाक्याचे निदान एक वाचन, म्हणजे एक अर्थ, निश्चित होते. दुसरे वाचन असल्याचे मात्र या परिस्थितीवरून कळत नाही. त्यासाठी ‘खोटे’ म्हणणारे भाषक भेटावे लागतात, किंवा तेच वाक्य वेगवेगळ्या आघाताने उच्चारून पुन्हा विचारावे लागते.