वैशाखातल्या लग्नासाठी पैठणी निवडताना

लग्नाची साडी घेताना दुकानात सर्वांत आधी पाहिली जाते ती तिची चमक, आणि आज नेमकी तीच सर्वांत कमी भरवशाची खूण आहे. रेशमाच्या तंतूचा छेद घेतला तर तो साधारण त्रिकोणी दिसतो. त्याच्या सपाट बाजूंवरून प्रकाश परावर्तित होतो आणि कापडाला ती ओळखीची झळाळी येते. सुताचा तंतू चपटा आणि पिळलेला असल्यामुळे त्याच्यावरून प्रकाश विखुरतो. पॉलिएस्टरचा तंतू मात्र चाळणीच्या भोकांतून ओढून काढलेला असतो, त्यामुळे भोकाचा आकार तिकोनी ठेवला की तंतूही तिकोनी होतो आणि रेशमासारखा चमकतो. धूपछाव रंगाचेही तसेच आहे. ताण्याला (उभ्या धाग्यांना) एक आणि बाण्याला (आडव्या धाग्यांना) दुसरा रंग दिला की साडी हलताना रंग बदलते. त्यासाठी धागा रेशमाचाच असावा लागतो असे नाही.

नक्कल करायला खरोखर अवघड आहे ते रेशमाचे पाण्याशी असलेले नाते. रेशीम हे फायब्रॉइन नावाचे प्रथिन आहे आणि त्याच्या रेणूंमध्ये पाण्याला धरून ठेवणाऱ्या जागा पुष्कळ असतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना कोरडे रेशीम स्वतःच्या वजनाच्या सुमारे ११ टक्के बाष्प शोषून घेते, सूत सुमारे ८ टक्के, तर पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. मे महिन्यात मुहूर्त दुपारचा, मांडवात माणसांची दाटी आणि नऊवारीचे पायांभोवती अनेक पदर, अशा स्थितीत त्वचेवरची वाफ कापडाने घेतली नाही, तर ती घाम होऊन अंगावरच राहते. सूतही पाणी घेते, पण भिजले की जड होऊन अंगाला चिकटते.

मात्र ‘अस्सल रेशीम म्हणजे थंडावा’ ही समजूतही अर्धीच खरी आहे. जरीची तार बाष्प शोषत नाही, त्यामुळे काठापदराची जर जितकी रुंद आणि दाट, तितका तो भाग वजनाला जड आणि हवेला बंद. म्हणून वैशाखातल्या नवरीने भरजरी पदराच्या मोहात पडण्यापेक्षा अरुंद काठाची पैठणी घ्यावी आणि पोलक्याला सुती अस्तर लावून घ्यावे, असे मला वाटते. थोरल्या मंडळींना हे पटेलच असे नाही.

दुसरा विचार अग्नीचा. लाजाहोमात नवरीचे हात आणि पदर होमाच्या अगदी जवळ येतात. पॉलिएस्टर सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळते आणि तो तप्त रस त्वचेला चिकटून खोल भाजतो. रेशीम वितळत नाही. ते केसासारखा वास सोडत जळते, आणि ज्वाळेपासून दूर केल्यावर बहुधा विझते. धागा ओळखण्याची जुनी कसोटी यावरच आधारलेली आहे: काठाचा सुटा धागा जाळल्यावर रेशमाची राख बोटांत चुरगळते, तर पॉलिएस्टरचा कडक मणी बनतो. दुकानात काडी पेटवणे शक्य नसेल, तर केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने आलेले सिल्क मार्कचे लेबल पाहावे. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. विणकाम हातमागाचे आहे का, हे पदराची उलटी बाजू सांगते. येवल्याचा किंवा पैठणचा विणकर प्रत्येक रंगाचा बाणा वेगळ्या लहान कांडीने त्या-त्या जागेपुरताच फिरवतो आणि शेजारच्या धाग्यात अडकवतो. त्यामुळे मोर, मुनिया, कमळ दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखेच दिसतात. यंत्रमागाच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात.

हातात घेतल्यावर कापड कडक लागले म्हणून ते जाड किंवा टिकाऊ असते, असेही नाही. कोशातून आलेल्या धाग्यावर सेरिसिन नावाचा नैसर्गिक गोंद असतो. तो उकळून काढला की वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटते आणि मऊपणा येतो. ऑर्गन्झा या पारंपरिक, झिरझिरीत रेशमी कापडाचा ताठपणा हा गोंद राखल्यामुळेच असतो. एकोणिसाव्या शतकात युरोपात उलटा उद्योग चालला होता: गोंद गेल्याने घटलेले वजन भरून काढण्यासाठी रेशमाला कथिलाचे क्षार पाजले जात. ते वस्त्र हाताला भारी लागे, पण पुढे घडीवर तडकून फाटे.

साडी नेसण्याआधी अत्तर आणि डिओडोरंट लावून अंग पूर्ण वाळू द्यावे, कारण घाम आणि त्यातले क्षार रेशीम कमजोर करतात, आणि ओले रेशीम कोरड्यापेक्षा नाजूक असते. अस्सल जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. मुलामा झिजला की घामातल्या व हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे आतली चांदी काळवंडते. म्हणून लग्नाच्या रात्री साडीची लगेच घडी घालू नये. ती सावलीत पसरून वाळू द्यावी, मग मलमलीत गुंडाळून ठेवावी, आणि दर काही महिन्यांनी काढून घडीची जागा बदलावी.