स्किझोफ्रेनिया आणि रोजचं जगणं

स्किझोफ्रेनिया म्हटलं की लोकांना कानात येणारे आवाज, भास, कुणीतरी पाळत ठेवतंय हा संशय एवढंच आठवतं. पण बऱ्याच पेशंटचं रोजचं जगणं खरं अडतं ते फारसं नजरेत न भरणाऱ्या लक्षणांमुळे, म्हणजे कशाची इच्छाच न उरणं, बोलणं एक-दोन शब्दांवर येणं, चेहरा कोरा राहणं, लक्ष आणि स्मरणशक्ती ढिली पडणं. त्यात आजार सुरू होतो साधारण विशीच्या आसपास, बायकांमध्ये सरासरी काही वर्षं उशिरा, म्हणजे ऐन कॉलेज-नोकरी-लग्नाच्या वयात.

आंघोळीचंच घ्या. पाणी काढून ठेवलंय, टॉवेल हातात दिलाय, तरी माणूस तासभर कॉटवर बसून, आणि घरचे म्हणणार 'नुसता आळशी झालाय'. आळस नसतो हो तो, काम सुरू करायला आतून जो रेटा लागतो तोच आजाराने कमी केलेला असतो. चहा टाकला आणि मधेच कुणी हाक मारली तर साखर घातली की नाही हे आठवत नाही, परत घातली जाते, नाहीतर दूध उतू जातं. बँकेतला फॉर्म, ऑफिसात दोघांनी एकदम सांगितलेलं काम तर लांबच.

औषधांचं म्हणाल तर १९५२ साली क्लोरप्रोमाझिन वापरात आलं तेव्हापासून आवाज-संशय बऱ्यापैकी आटोक्यात आणता येतात, निरिच्छपणावर मात्र गोळ्यांचा जोर कमीच चालतो. वर ओलान्झापिनसारख्या गोळ्यांनी वजन वाढतं, गुंगी येते, मग पेशंट गोळ्या बंद करतो आणि आजार उलटतो.

भारतात या अडचणी मोजायला 'आयडियाज' नावाची मोजपट्टी आहे. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद-आकलन आणि काम, प्रत्येकाला ० ते ४ गुण, शिवाय आजार किती वर्षं आहे त्याचेही गुण. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त भरलं तर २०१६ च्या दिव्यांग कायद्याखालचे बरेचसे फायदे मिळू शकतात. पण आईने सकाळी आंघोळ घालून, इस्त्रीचा शर्ट चढवून आणलेला मुलगा डॉक्टरसमोर ठीकठाकच दिसतो, म्हणून घरच्यांना नीट विचारणं फार गरजेचं.

पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन पेशंट आणि कुटुंबीय दोघांसाठी काम करते, आणि कुटुंबीयांना धरून चालणं बरोबरच आहे, कारण घरात सतत टोचून बोलणं चालू असेल तर आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं हे अभ्यासातून वारंवार दिसलंय.